रॉइसची सहा काडतुसं

डेल्बर्ट रिशेलला जन्मात एकच गोष्ट धड सांगता आली, आणि ती होती त्याच्या सख्ख्या भावाच्या फजितीची. एरवी माणूस घुम्या. अडतीस वर्षं गावच्या रस्तेखात्यात काढली. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे, आणि घरी येऊन "मीठ दे" एवढंच बोलायचं. बायको नॉर्मा म्हणायची, "याच्याशी भांडायचं म्हटलं तरी दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं." पण नोव्हेंबरअखेरचा रविवार आला, डोंगरातल्या कॅम्पवर शेगडी धडधडायला लागली, सगळे मोजे वाळत टाकून बसले आणि कुणी म्हणालं, "डेल, रॉइसची सांग की," की गडी असा खुलायचा! हातवारे काय, आवाज काय, मध्येच थांबून कॉफीचा घोट घेणं काय. दुसऱ्या दिवशी सोमवारी हरणांचा हंगाम उघडायचा. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत त्या दिवशी शाळासुद्धा बंद असते. आणि डेलची गोष्ट झाल्याशिवाय हंगाम उघडल्यासारखा कुणाला वाटायचा नाही.

गोष्ट सांगताना मांडीवर रायफल आडवी. ती रायफल म्हणजे त्याचा जीव की प्राण. तीस-तीस नावाच्या काडतुसाची, लिव्हरची. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ढकलली की जुनं टरफल वरून उडून जायचं, परत वर ओढली की नवं काडतूस नळीत. खट-खटाक. दाट झाडीत, चाळीस पावलांवर, चालत्या हरणासाठी हिच्यासारखी दुसरी नाही, असं त्याचं ठाम म्हणणं. बाकीच्यांच्या रायफली आता दुर्बिणीवाल्या. बहिणीचा मुलगा ब्रेंट चिडवायचा, "मामा, ही आता संग्रहालयात देऊन टाक." डेल म्हणायचा, "देतो. आधी तू तुझ्या दुर्बिणीतून एखादं हरीण शोधून तर दाखव." एकतीस नर पाडले होते त्याने तिच्यावर. जिथे मुठीत धरून चालायचं तिथला काळा मुलामा झिजून पोलाद पांढरं पडलं होतं. हंगामाआधी तो जुन्या मोज्याने तिला तेल लावत बसायचा, आणि नॉर्मा आतून ओरडायची, "सवतीचं न्हाणं झालं असेल तर जेवायला ये!"

पण रायफल मुळात त्याची नव्हती. ती रॉइसची.

रॉइस आठ वर्षांनी मोठा. सोळाव्या वर्षी लाकडाच्या वखारीत फळ्या वाहून त्याने ती घेतलेली. अख्ख्या खोऱ्यात त्याच्यासारखा नेमबाज नव्हता, आणि तोंडातून बढाईचा एक शब्द नाही. डेलला सगळं त्यानेच शिकवलं. वारा कसा बघायचा, ओल्या पानांवर पाऊल कसं टाकायचं, हरीण पडल्यावर आधी गप्प कसं उभं राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घोडा, काडतुसावर आपटून बार उडवणारा तो मागचा खटका, कसा उतरवायचा. त्या जुन्या रायफलीला कुलूपबिलूप काही नाही. घोडा चढवला आणि मग बार काढायचा नाही असं ठरलं, तर अंगठ्याने घोडा घट्ट धरायचा, चाप दाबायचा, आणि घोडा हळूहळू खाली आणायचा. अंगठा घसरला की बार उडालाच.

"त्या घडीला मनात दुसरं काही आणायचं नाही," रॉइस म्हणायचा. "पोरगीसुद्धा नाही."

"पण मला कुठे आहे पोरगी?"

"मग तुला सोपं आहे."

कॅम्पवर राज्य त्यांच्या बापाचं. त्याला सगळे पॅप म्हणत. पॅपचे कायदे दोनच, पण देवाच्या दहा आज्ञांपेक्षा कडक. पहिला ठाण्याचा. काही जण खालून ओरडत, काठ्या आपटत हाका करायचे, हरणं वर रेटायचे. बाकीचे वर आपापल्या ठाण्यावर बसायचे. हाकारे येऊन पोचेपर्यंत ठाणं सोडायचं नाही. पॅपचा पुतण्या होइट एकदा लघवीला म्हणून पंधरा पावलं गेला, तर पॅपने त्याच दुपारी त्याचं अंथरूण गुंडाळून हातात दिलं. होइट पुन्हा कॅम्पवर आला नाही. पॅपच्या मयताला आला तोही मागच्या बाकावर बसला. दुसरा कायदा गमतीचा. ज्याचा नेम चुकेल त्याचा संध्याकाळी खटला भरायचा, सदऱ्याची मागची शेपटी कात्रीने कापायची, तिच्यावर नाव आणि साल घालून ती भिंतीला ठोकायची. भिंत अशा चिंध्यांनी भरली होती. रॉइसची त्यात एकही नव्हती.

एकोणीसशे एकसष्ट साली डेल सतरा वर्षांचा झाला आणि त्याला पहिल्यांदा ठाणं मिळालं. तोवर तो हाकाऱ्यांत असायचा. सहा वर्षांचा असल्यापासून या दिवसाकडे डोळे लावून बसलेला पोरगा! हातात आजोबांची एकनळी बंदूक. ठाणं ओढ्याच्या अलीकडे, आणि ओढ्याच्या पलीकडे वर खडकावर रॉइस. त्या सकाळी धड बर्फ नाही, धड पाऊस नाही, असलं काहीतरी पडत होतं. डेल काकडला. त्याने ट्रकमधून आणलेलं गुरांच्या खुराकाचं पोतं डोक्यावरून खोळीसारखं ओढून घेतलं. तांबडी टोपी, तांबडा कोट कशाला घालतात? तर लांबून माणूस माणसासारखा दिसावा म्हणून. याने त्यावर तपकिरी पोतं घेतलं, हरणांच्या हंगामात! सतराव्या वर्षी थंडी आधी कळते, शहाणपण मागून येतं.

मग खाली ओढ्यात फांदी मोडली. झाडांमागे शिंगं हलली. हे हरीण चढून जाणार ते सरळ रॉइसच्या पुढ्यात, आणि रॉइसचा नेम चुकत नाही, म्हणजे पहिल्याच दिवशी आपण हात चोळत बसणार. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ठाणं सोडलं. कंबरेत वाकून, पोत्याखाली दबकत, ओढा ओलांडून तो हरणाच्या मागोमाग वर सरकायला लागला. भावाच्या तोंडचा घास आधी आपण मारावा, एवढंच त्याच्या मनात होतं. खोटं कशाला सांगा.

हरीण निसटलं. बार कुणाचाच झाला नाही. डेल थोडा वेळ दबून बसला, पोतं काढून काखेत मारलं, आणि खडकापाशी गेला. रॉइस बसला होता. तोंड राखेसारखं. रायफल मांडीवर, लिव्हर उघडी, आणि दोन बुटांच्या मध्ये बर्फावर सहा काडतुसं. कोरी. एकही उडालेलं नाही.

डेलला क्षणभर कळेना, आणि मग एकदम कळलं. कळलं असं त्याला वाटलं. शिंगं बघून ताप चढतो तो हा! भल्याभल्यांना चढतो. माणूस भानावर राहत नाही, लिव्हरमागून लिव्हर मारत सुटतो, चाप ओढायचं विसरतो, आणि आपण सहा बार काढले असं समजत रिकामा होतो.

"रॉइस, तुला ताप चढला!" डेल ओरडला. "तुला! अरे, तू चाप ओढलाच नाहीस!"

रॉइसने त्याच्याकडे पाहिलं. 

"तू कुठून आलास?"

"ठाण्यावरून," डेल म्हणाला.

"बरं," रॉइस म्हणाला आणि काडतुसं वेचायला वाकला.

दिवेलागणीला खटला भरला. पॅप कुऱ्हाडीचा दांडा घेऊन न्यायाधीश. वाद पडला की बारच झाला नाही, तर नेम चुकला कसा म्हणायचा आणि शेपटी कापायची कशी? म्हातारे गंभीरपणे डोकी खाजवायला लागले. तेवढ्यात डेल बाकावर चढला. ठाणं सोडल्याची भीती अजून गेली नव्हती. कुणी विचारण्याआधी लोकांचं लक्ष दुसरीकडे राहिलेलं बरं, हेही होतंच. तो म्हणाला, "न्यायाधीश महाराज! चुकलेल्याला एक काप असेल, तर न उडालेल्यांना दर काडतुसाला एक! सहा काडतुसं, सहा काप!"

आणि पॅप हसला. जो माणूस स्वतःच्या लग्नातही हसला नसेल तो खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. डेलला आयुष्यात कशाची नशा चढली असेल तर ती त्या हसण्याची.

रॉइसच्या अंगात बायकोने, लिओनाने, शिवलेला सदरा होता. लग्नाला तीनच महिने झालेले. त्या सदऱ्याला सहा काप दिले, शेपटीपासून कॉलरपर्यंत. रॉइस भिंतीला हात टेकून, पाठ करून उभा राहिला. सगळे हसत होते, आणि डेल सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉइसने स्वतःचं अंथरूण स्वतः गुंडाळलं. रायफल डेलच्या हातात दिली. "ही राहू दे तुझ्याकडे. घोडा उतरवताना जपून." एवढंच बोलून तो डोंगर उतरला, तो पुन्हा वर आला नाही. डेल मनात म्हणाला, नाकाला मिरच्या झोंबल्या साहेबांच्या. उतरेल राग चार दिवसांत. आणि खरं सांगायचं तर रायफल हातात आल्यावर भावाचा राग उतरला काय अन् न उतरला काय, त्याला फारसा फरक पडत नव्हता.

वर्षं गेली. रॉइस पशुखाद्याच्या गिरणीत लागला, तिथेच म्हातारा झाला. घरामागे त्याने सफरचंदाची अकरा झाडं लावली. पडलेली फळं खायला हरणं यायची आणि तो खिडकीत उभा राहून बघायचा. शिकारीचं नाव काढलं की काहीतरी काम आठवून उठायचा. भावाभावांत भांडण असं कधी झालं नाही. नाताळला भेट, मयताला भेट, "रस्ते कसे आहेत?" "निसरडे आहेत." संपलं.

इकडे गोष्टीला मात्र पालवी फुटत गेली. पहिल्या वर्षी होतं तेवढंच. मग रॉइस लिव्हर मारता मारता "लागली! लागली!" ओरडायला लागला. मग त्याची टोपी डोळ्यांवर आली. शेवटी तर हरीणच थांबून काडतुसं मोजतं, आणि "अजून आहेत का रे?" असं विचारून जातं. लोक पोट धरून हसायचे. पॅपच्या मयतानंतरच्या जेवणात कुणीतरी डेलला ती सांगायला लावली, आणि याने सांगितली. रॉइस त्याच टेबलाशी बसला होता. तो उठून कॉफी कितपत उरली आहे ते बघायला गेला. त्या दिवसापासून लिओनाने दिराशी बोलणं टाकलं. डेललाही त्या दिवशी आत काहीतरी टोचलं. पण टोचलेलं काढत बसणाऱ्यातला तो माणूस नव्हता.

अशी अठ्ठेचाळीस वर्षं. रॉइस बहात्तरच्या पुढे गेला, गिरणीच्या धुळीने छाती धरली, नाकात प्राणवायूची नळी आली. डेल पासष्टचा, निवृत्त, बोटांचे सांधे सुजलेले. त्या सोमवारी सकाळी तो ठाण्यावर बसला होता. हाका सुरू झाला. जाळीमागून एक नर आला, चांगला मोठा. डेलने घोडा चढवला, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नराच्या खांद्यामागे आणली. पण नर काही मोकळ्यात येईना. जाळीआडूनच वळला आणि निघून गेला. खालून हाकाऱ्यांचे आवाज जवळ यायला लागले होते. आता घोडा उतरवायला हवा. डेलने अंगठा ठेवला, तर अंगठा आपला वाटेना. गारठून लाकूड झालेला, वरून संधिवात. खाली ब्रेंट, त्याची पोरं, बाकीचे. अंगठा घसरला तर?

छे! कशाला जोखीम! त्याने नळी जमिनीकडे केली, रायफल कंबरेपाशी धरली, आणि चापाला बोट न लावता लिव्हर मारत एकेक काडतूस बाहेर काढलं. टप, टप, टप. सहाही काढली आणि वेचायला खाली वाकला.

सहा कोरी काडतुसं, दोन बुटांच्या मध्ये, बर्फावर.

डेल वाकलेला तसाच राहिला. ताप चढलेली माणसं त्याने जन्मात दोन पाहिली होती. त्यांची काडतुसं पायांत पडत नाहीत. रायफल खांद्याला लावलेली असते, लिव्हर झटक्याने बसते. काडतुसं डोक्यावरून मागे उडतात, पालापाचोळ्यात हुडकावी लागतात. पायांत ढीग पडतो तो शुद्धीवर असलेल्या माणसाच्या. ज्याला रायफल रिकामी करायची आहे आणि ज्याचा अंगठ्यावर भरवसा नाही, त्याच्या. हे त्याला कुणी आज शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं. आणि दरवर्षी गोष्टीत तो न चुकता सांगायचा, "बुटांच्या मध्ये ढीग पडलेला, कोंबडीने अंडी घालावी तसा!" स्वतःच्या तोंडाने सांगायचा, आणि मेंदूत शिरत नव्हतं.

पण रॉइसचा अंगठ्यावरचा भरवसा कशाने गेला? पंचवीस वर्षांचा, धडधाकट, हात दगडासारखा स्थिर. कशाने थरथरला त्याचा अंगठा?

डेल उठला. हाकारे यायचे होते, तरी ठाणं सोडून ओढा ओलांडून खडकापाशी गेला, रॉइस बसायचा तिथे बसला, आणि खाली पाहिलं. वाकून वर येण्याची ती एकच वाट, त्या दिवशी तो पोत्याखालून आला होता तीच. पंचवीस पावलं असतील नसतील. "देवा रे," तो मोठ्याने म्हणाला.

तो कॅम्पवर थांबला नाही. तसाच ट्रक काढला आणि अकरा मैल गाठून रॉइसच्या दारात उभा राहिला. दार लिओनाने उघडलं.

"कुणी मेलं?"

"नाही."

"मग हंगामाच्या पहिल्या दिवशी तू इथे? नॉर्माच्या त्या सवतीने घराबाहेर काढलं?"

"रॉइसशी बोलायचंय, लिओना."

"अठ्ठेचाळीस वर्षं त्याच्याबद्दल बोललास, आता त्याच्याशी बोलायचं सुचलं?" ती बाजूला झाली. "ये. बूट पूस."

रॉइस खिडकीशी खुर्चीत होता, गुडघ्यांवर पांघरूण. बाहेर झाडांखाली दोन माद्या गोठलेली सफरचंदं खात होत्या. डेलने टोपी काढली. काय बोलायचं ते तो अकरा मैल जुळवत आला होता.

"काडतुसं तुझ्या पायांत पडली होती," तो म्हणाला.

रॉइसने खिडकीवरची नजर काढली नाही. "हो."

"ताप चढलेल्याची मागे उडतात."

"हो, मागे उडतात."

"मी ठाणं सोडलं होतं. पोतं घेतलं होतं अंगावर."

"ठाऊक आहे," रॉइस म्हणाला. मग श्वास गोळा करत, थांबत थांबत बोलायला लागला. "नर आला तो झाडांआडूनच गेला. मग मागून दुसरं काहीतरी येताना दिसलं. तपकिरी. वाकून. म्हटलं हा दुसरा. घोडा चढवला, माशी बरोबर मधोमध बसली. चाप अर्धा आत गेला होता, डेल. अर्धा. आणि त्या तपकिरीतून एक हात बाहेर आला आणि त्याने नाक पुसलं."

डेलचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडे गेला.

"हरीण नाक पुसत नाही," रॉइस म्हणाला. "मग अंगठा असा उडायला लागला की घोडा उतरवायची छाती होईना. नळी खाली केली आणि सगळी काढून टाकली."

"मग बोलला का नाहीस? निदान मला एकट्याला?"

"तुला विचारलं की. तू म्हणालास, ठाण्यावरून आलो." रॉइस जरासा हसला. "पॅपने होइटचं काय केलं ते मला दिसत होतं. सहा वर्षांचा असल्यापासून तू त्या ठाण्यासाठी झुरत होतास. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू, पॅप थंड झाला की. पण पुढच्या वर्षापर्यंत तुझी गोष्ट फार रंगायला लागली होती."

दारात लिओना भांडी पुसायचं फडकं हातात घेऊन उभी होती. तिच्या तोंडावरून कळत होतं की तीही हे आजच ऐकते आहे.

"मेल्या, मला तरी सांगायचंस!" ती नवऱ्याला म्हणाली.

"तू याचा गळा दाबला असतास."

"दाबलाच असता. अजून दाबीन!" आणि ती फडकं डोळ्यांना लावून आत गेली.

"मला वाटायचं तू रुसलास," डेल म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "सदरा फाडला म्हणून. मी हसलो म्हणून."

"छे रे. हसले तर सगळेच. दुसऱ्याचं असतं तर मीही हसलो असतो." रॉइस थांबला, नळीतून दोन श्वास ओढले. "मी नंतर तीनदा प्रयत्न केला. शेजाऱ्याची रायफल मागून घेऊन एकटाच जायचो, हिला न सांगता. हरीण पुढ्यात यायचं, माशी लावायचो, आणि तिच्यापुढे हरणाऐवजी तुझं पोतं दिसायचं. तिसऱ्या खेपेला ओकलो. मग सोडून दिलं." तो परत खिडकीकडे वळला. "मला फार आवडायचं रे ते. तुझ्याहून जास्त आवडायचं."

डेल रडला. पासष्ट वर्षांचा बाप्या, टोपी तोंडावर धरून, हमसून हमसून. आयुष्यभर मिरवलेली ती रायफल, ते ठाणं, ते एकतीस नर, सगळं भावाचं होतं. भावाने त्याचा जीव राखला होता, आणि याने भावाची अब्रू काढून तिच्यावर अठ्ठेचाळीस वर्षं टाळ्या घेतल्या होत्या.

"आजच सांगतो सगळ्यांना," तो शेवटी म्हणाला. "आत्ता जातो आणि सांगतो."

"कुणाला? त्या दिवशीचं कोण उरलंय? तू आणि मी."

"तरी सांगतो."

रॉइसने पांघरूण गुडघ्यांवर नीट ओढून घेतलं. मग म्हणाला, "ब्रेंटची पोरं मला दुकानात भेटली की हाताने लिव्हर मारून दाखवतात. खट-खटाक, खट-खटाक. वाईट नाहीत पोरं. पण ते थांबलं तर बरं वाटेल." आणि डेल दाराशी गेल्यावर मागून म्हणाला, "नीट सांग हं. घाई करू नकोस."

डेल कॅम्पवर पोचला तेव्हा सगळे जेवायला बसले होते. घेवड्यात शिजवलेलं डुकराचं मांस, बिटाच्या रसात मुरलेली लाल अंडी, पाव. बारा-तेरा माणसं असतील, त्याच्याहून लहान सगळी. "मामा, होतास कुठे? ठाणं सोडून पळालास? पॅप असता तर अंथरूण गुंडाळलं असतं!" ब्रेंट म्हणाला.

"गुंडाळायलाच हवं होतं," डेल म्हणाला. "एकसष्ट साली. ऐका. मला रॉइसची गोष्ट सांगायचीय."

"अरे वा! कालच झाली, आज परत?" चमचे खाली आले, खुर्च्या वळल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर आधीच हसू पसरलं होतं.

"कालची खोटी होती. आजवरच्या सगळ्या खोट्या. रॉइसला ताप चढला नव्हता. मी ठाणं सोडलं होतं. डोक्यावर पोतं घेऊन मी ओढ्यातून वर सरकत होतो..."

"पोतं!" कुणीतरी फसकन हसलं. "हे नवीन आहे."

डेलने घाई केली नाही. सगळं क्रमाने, नीट सांगितलं, जसं त्याला सांगता यायचं तसंच. तीच तर त्याला एक कला येत होती. घोडा चढला, माशी लागली, चाप अर्धा आत गेला, इथे सगळे श्वास रोखून गप्प झाले, आणि तो म्हणाला, "तेवढ्यात त्या पोत्यातून हात बाहेर आला, आणि मी नाक पुसलं."

कॅम्प दणाणून गेला. टेबलावर हात आपटले, कुणाच्या नाकातून कॉफी आली. ब्रेंटचा धाकटा उभा राहून हाताने लिव्हर मारायला लागला, खट-खटाक, खट-खटाक, आणि दुसऱ्या हाताने नाक पुसायला लागला. "मामा, यंदा कमाल केलीस!" ब्रेंट डोळे पुसत म्हणाला. "दरवर्षी वाटतं, आता हिच्यात भर घालायला काही उरलं नाही!"

"हसू नका," डेल म्हणाला. "अरे, हसू नका! मेलो असतो मी. त्याने वाचवलं मला."

तेव्हा तर ते आणखीच हसले. डेलच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, आणि ब्रेंट शेजारच्याला कोपर मारून म्हणाला, "बघ, बघ, आता रडूनसुद्धा दाखवतोय!"